एनसीसीचा पहिला दहा दिवसांचा कॅम्प : कागद, बूट, परेड आणि रेंज

दर कॅम्पला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एमआय रूमसमोर, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यासमोर, एक रांग लागते. रोज पाच किलोमीटर पळून, जोर मारून आलेली पोरंही त्यात असतात. तक्रारी ठरलेल्या : टाचेला फोड, डोकं जड, पोट बिघडलेलं, दोन रात्री झोप नाही. महिनाभर पळायचा सराव केलेला असतो, पण नवे बूट पायात पहिल्यांदा कॅम्पच्या सकाळीच गेलेले असतात.

मी कॅडेट म्हणून तीन कॅम्प केले. पहिल्यात त्या रांगेत उभा होतो, शेवटच्यात कंपनी सीनियर म्हणून रांग मोजत होतो. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो : हा कॅम्प ताकदीपेक्षा आदल्या रात्रीवर निभतो. सकाळी लागणारं सगळं रात्रीच काढून ठेवलेला हडकुळा पोरगा दहा दिवस आरामात काढतो, आणि सकाळी अंधारात मोजा शोधणारा पैलवान तिसऱ्या दिवशी घरी फोन लावायला बघतो.

खाली लिहिलंय ते सीएटीसीबद्दल, म्हणजे बटालियनच्या वार्षिक प्रशिक्षण कॅम्पबद्दल, आणि आर्मी विंगच्या कॅडेट्सना धरून. गोव्यातले कॅडेट्स महाराष्ट्राऐवजी कर्नाटक-गोवा संचालनालयात येतात. त्यांचे कागद थोडे वेगळे असू शकतील, बूट मात्र सारखेच चावतात.

टप्पा १ : कागद (पंधरा दिवस आधी)

कॅम्प चुकला तर काय होतं हे बऱ्याच जणांना तिसऱ्या वर्षी कळतं. 'बी' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला एक कॅम्प लागतो, 'सी'साठी दोन. शिवाय परेडची ७५ टक्के हजेरी वेगळी. पहिल्या वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्याचा पुढे विद्यापीठाच्या परीक्षेशी, घरातल्या लग्नाशी आणि गाडीच्या रिझर्वेशनशी सामना होतो.

१. कॉलेजच्या एएनओंकडे (एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक) नाव दिलं की काम संपलं असं समजू नका. बटालियनला गेलेल्या यादीत आपलं नाव, वडिलांचं नाव आणि रेजिमेंटल नंबर कसा लिहिलाय ते डोळ्यांनी बघा. कॅम्पचं प्रमाणपत्र याच यादीवरून बनतं. मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि यादीत तिसरं, असा घोळ पुढे भरतीच्या वेळी निस्तरावा लागतो.

२. वैद्यकीय प्रमाणपत्र नोंदणीकृत डॉक्टरांकडून आणा आणि खरं आणा. दमा, फिट्स, एखाद्या औषधाची अॅलर्जी लपवून आलेल्यांची कॅम्पमध्ये सगळ्यात जास्त भीती वाटते. सांगितलं म्हणून लगेच घरी पाठवत नाहीत. पळण्याच्या वेळी कोणावर लक्ष ठेवायचं ते स्टाफला कळतं, एवढंच.

३. पालकांचं संमतिपत्र. हॉस्टेलवरची पोरं रूममेटकडून सही मारून घेतात. काही झालं तर बटालियनचा फोन त्या पालकांनाच जातो, आणि 'कुठला कॅम्प?' हा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारणं बरं नव्हे.

४. कॉलेजचं ओळखपत्र, आधारची प्रत, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, चार-पाच पासपोर्ट फोटो. सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि फोल्डर पेटीत सगळ्यात वर.

तपासा : सगळ्या कागदांचे फोटो काढून घरी कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवलेत का? कॅम्पमध्ये तुमचा मोबाइल बहुतेक जमा होईल, त्यामुळे 'माझ्या फोनमध्ये आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

टप्पा २ : बूट, बेरे, वर्दी (तीन आठवडे आधी)

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण कॅम्पचा निम्मा त्रास बुटातून येतो.

युनिटमधून बूट मिळाले किंवा विकत घेतले, तरी ते संध्याकाळी घालून बघा. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, आणि परेडवर ते तसेच फुगणार असतात. जे मोजे कॅम्पला नेणार तेच जाड मोजे घालून मापा. अंगठा पुढे टेकता कामा नये. टाच किंचित हलली तर चालेल, लेसने ती आवळता येते. एक नंबर लहान बूट 'सैल होईल हळूहळू' म्हणून घेणारा दर बॅचला एकजण असतोच. कातडं सैल होतं, पण त्याआधी टाच सोलून निघते.

मग रोज तासभर घरात, अंगणात, जिन्यावर बूट घालून फिरा. पहिला आठवडा नुसतं चाला. दुसऱ्या आठवड्यात जागच्या जागी पाय आपटून बघा. तिसऱ्यात मित्रांबरोबर अर्धा तास परेड करा. फोड यायचाच असेल तर घरी येऊ दे. तिथे बरा व्हायला दिवस आहेत.

पॉलिशचं तंत्र साधं आहे, फक्त घाई चालत नाही. आधी ब्रशने माती झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा, मग बूट पूर्ण वाळू द्या. त्यानंतर पॉलिशचा पातळ थर. हातातल्या कापसाला जेमतेम ओलावा ठेवून टोकाशी आणि टाचेशी लहान लहान गोल फिरवत राहा. चमक एका जाड थराने येत नाही, पाच-सहा पातळ थरांनी येते. मातीवरच पॉलिश फासणाऱ्याचे बूट दुरून चमकतात. पण इन्स्पेक्शन दुरून होत नाही.

सावध : ओले बूट चुलीपाशी किंवा भर उन्हात वाळवायला ठेवू नका. कातडं तडकतं, कधी तळवा सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन तासांनी बदला.

बेरे, म्हणजे वर्दीची गोल टोपी, नवी असताना पोळीसारखी दिसते. ती कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि ओलीच डोक्यावर घाला. बॅज डाव्या डोळ्याच्या वर, पट्टी भुवईपासून साधारण एक इंच वर आणि सरळ, बाकीचं कापड उजव्या कानाकडे ओढून तळहाताने चपटं दाबा. अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, मग काढून त्याच आकारात सावलीत वाळवा. एका वेळेत जमत नाही, दोन-तीनदा करा. घरचे हसतील.

खाकीला खळ करून कडक इस्त्री. शक्य असेल तर दोन जोड न्या. नावाची पट्टी, हॅकल (बेरेवरचा पिसांचा तुरा), बेल्ट, लेनयार्ड (खांद्यावरची दोरी) हे सगळं घरीच एकदा पूर्ण चढवून आरशासमोर उभे राहा. सेफ्टी पिना, सुई-दोरा आणि खाकीची दोन जादा बटणं काड्यापेटीएवढ्या डबीत ठेवा. कॅम्पमध्ये या डबीला सोन्याचा भाव येतो.

केस दोन दिवस आधी कापा, आणि न्हाव्याला 'थोडे बारीक' म्हणू नका. त्याचं बारीक आणि सुभेदार साहेबांचं बारीक यांत फार फरक असतो. मुलींनी घट्ट अंबाडा आणि जाळी यांचा सराव घरी करावा; सकाळच्या अंधारात, आरसा नसताना, तीन मिनिटांत तो जमला पाहिजे.

टप्पा ३ : पेटी भरणं

काय न्यायचं याची यादी युनिट देतं, ती इथे पुन्हा लिहीत नाही. यादीत नसतं आणि लागतं ते एवढं : पेटीला एक आणि बॅगेला एक अशी दोन कुलुपं (किल्ल्या वेगळ्या, एक गळ्यात), चांगली टॉर्च, कपडे वाळत घालायला पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी आणि चिमटे, टाल्कम पावडर, व्हॅसलीन, चिकटपट्टी, ओआरएसची सात-आठ पाकिटं, आणि मोज्यांचे सहा तरी जोड. आंघोळीचा मग आणि पाणी प्यायचा मग वेगळा ठेवा. ताट, वाटी, चमचा यांवर खिळ्याने नाव कोरा. मार्करने लिहिलेलं नाव दुसऱ्या घासणीला पुसतं.

ऋतू बघा. जून ते ऑगस्टच्या कॅम्पला चिखल असतो, मोजे वाळत नाहीत. तिथे आठ जोडही कमी पडतील. डिसेंबरात विदर्भ-मराठवाड्यात मोकळ्या मैदानावर पहाटे दात वाजतात, आणि पातळ चादर आणलेली पोरं वर्तमानपत्रं अंथरून झोपतात. मे महिन्यात पाण्याची बाटली दोन लिटरची हवी.

पेटी भरण्याचा क्रम उलटा असतो : शेवटी लागणारं तळाशी, पहिल्या रात्री लागणारं वर. सगळ्यात वर कागदांचा फोल्डर, टॉर्च, पीटीचे कपडे, पीटी शूज, टॉवेल. पहिल्या रात्री जागा सापडेपर्यंत अंधार झालेला असतो आणि दिव्याखाली चाळीस जणांच्या पेट्या उघडलेल्या असतात. तेव्हा तळ उपसायची वेळ येऊ नये.

सावध : आईने दिलेले लाडू चार दिवसांचेच न्या. पेटीत मुंग्या झाल्या की शेजारच्या पाच जणांचे शिव्याशाप लागतात. सोन्याची चेन, भारी घड्याळ, भरपूर रोकड घरी ठेवा.

टप्पा ४ : रिपोर्टिंगचा दिवस

कॅम्पवर पोहोचल्यावर क्रम साधारण असा असतो : कागद तपासणी, वैद्यकीय तपासणी, कंपनी वाटप, राहायची जागा, बिछाना, मग पहिलं फॉलिन, म्हणजे मैदानावर रांगेत हजर होणं. चार-पाचशे कॅडेट्स एकाच दिवशी येतात, त्यामुळे रांगा लांब. सकाळचं नीट खाऊन या आणि पाण्याची बाटली हातात ठेवा.

जागा मिळाली की बिछाना टाकण्याआधी पाच गोष्टी पायी फिरून बघा : पाणी कुठे, संडास-बाथरूम कुठे, लंगर (स्वयंपाक-जेवणाची जागा) कुठे, एमआय रूम कुठे, आणि फॉलिनचं मैदान कुठल्या बाजूला. उजेड असतानाच बघा. पहाटे साडेचारला धडपडत शोधणारे लोक रात्री गप्पा मारत बसलेले असतात.

आता कोणाला काय म्हणायचं. पहिल्या दिवशीचे निम्मे रगडे, म्हणजे शिक्षा, यातूनच मिळतात.

पीआय स्टाफमधले, म्हणजे शिकवायला आलेले लष्करातले हवालदार म्हणजे 'उस्ताद'. जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, हे 'साहब'. एएनओ आणि लष्करी अधिकारी 'सर' किंवा 'मॅडम'. सलूट कमिशन्ड अधिकाऱ्यांना. उस्तादांना सलूट ठोकला तर ते हसतात किंवा दहा सपाट्या लावतात, त्या दिवशीच्या मूडवर आहे. डोक्यावर बेरे नसेल तर हात उचलून सलूट नाही. सावधानमध्ये उभं राहून 'जय हिंद' म्हणायचं. पीटीच्या कपड्यांत, उघड्या डोक्याने कमांडंट साहेबांना कडक सलूट ठोकणारा कॅडेट मी दर कॅम्पला पाहिलाय. पहिल्या कॅम्पला तो मीच होतो.

टप्पा ५ : रात्रीपासून सकाळपर्यंतचा क्रम

कॅम्पचा दिवस पहाटे सुरू होतो असं सगळे सांगतात. माझ्या मते तो आदल्या रात्री रोलकॉल संपल्यावर सुरू होतो. रोलकॉलला उद्याचा कार्यक्रम आणि ड्रेस सांगतात. तो हातावर नाही, वहीत लिहून घ्या. हात धुतला जातो.

मग या क्रमाने :

१. जेवण झालं की लगेच पाण्याची बाटली भरा. सकाळी नळावर रांग असते.

२. बूट पॉलिश. झोपायच्या आधी, सकाळी अजिबात नाही.

३. दाढी रात्रीच उरका. सकाळच्या थंड पाण्यात, टॉर्चच्या उजेडात केलेल्या दाढीच्या खुणा इन्स्पेक्शनला दिसतात.

४. पीटीचा ड्रेस उशाशी, खाकी त्याखाली घडी करून. ज्या क्रमाने अंगावर चढणार, त्या क्रमाने वरून खाली.

५. मोजे बुटात, बेल्ट बुटावर, बेरे सगळ्यात वर. बॅज आणि हॅकल लावलेली.

६. ताट, मग, टॉर्च, वही आणि पेन एकाच पिशवीत, नेहमी त्याच जागी.

७. दिवे बंद म्हणजे झोप. आठव्या रात्रीपर्यंत गप्पा तशाच राहतील, झोप मात्र परत मिळत नाही.

सकाळी रेव्हेलीच्या, म्हणजे उठवणाऱ्या बिगुलाच्या, पंधरा मिनिटं आधी उठा. एवढा एक नियम पाळला तर संडासची रांग, पाण्याची टंचाई आणि फॉलिनला उशीर, तिन्ही टळतात. पोट साफ न होण्याची तक्रारही बहुतेक रांगेमुळे येते. घाईत राहून जातं आणि दिवसभर डोकं धरतं.

तपासा : फॉलिनला निघताना बिछाना घडी केलेला, पेटीला कुलूप, पेट्यांच्या कडा एका रेषेत. लाइन एरियाची (राहायच्या जागेची) तपासणी तुम्ही मैदानावर असताना होते, आणि तुमच्या एका लोंबत्या टॉवेलचे गुण अख्ख्या कंपनीचे जातात.

टप्पा ६ : परेड

कॉलेजच्या परेडवर चालून जातं ते इथे चालत नाही, कारण इथे शेजारी दुसऱ्या कॉलेजचा पोरगा असतो आणि त्याची सवय वेगळी असते.

हुकूम हिंदीत असतात आणि प्रत्येक हुकमाचे दोन भाग असतात. 'पीछे' म्हणजे तयार व्हा, 'मुड़' म्हणजे करा. मराठी पोरांची सगळ्यात मोठी चूक इथेच : पहिला भाग ऐकला की शरीर हलतं. दुसरी चूक डाव्या-उजव्याची. 'दाहिने' ऐकून मनात 'उजवीकडे' असं भाषांतर करायला जो अर्धा सेकंद जातो, तो पूर्ण स्क्वाडला दिसतो. यावर उपाय एकच, भाषांतर थांबवा. कॅम्पआधी आठवडाभर घरी वावरताना मनात 'दाहिने मुड़', 'बाएं मुड़' म्हणत वळा.

सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजे ३० अंशांवर उघडे, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिवणीवर, नजर समोर. विश्राममध्ये पायांत १२ इंच अंतर. तेज चालमध्ये (क्विक मार्च) पहिलं पाऊल डाव्या पायाचं, ३० इंचांचं, टाच आधी टेकते, हात कोपरात न वाकता खांद्याच्या उंचीपर्यंत. घाबरलं की काही जणांचा डावा हात डाव्या पायाबरोबरच पुढे जातो. असं झालं तर जाणूनबुजून दुरुस्त करू नका, आणखी बिघडतं. नजर पुढच्याच्या मानेवर ठेवा, 'एक-दो' मोठ्याने म्हणा, दहा पावलांत आपोआप जुळतं.

सावध : लांब वेळ सावधानमध्ये उभं राहायची वेळ आली की, विशेषतः ओपनिंग अॅड्रेस आणि क्लोजिंग परेडला, कोणी ना कोणी धाडकन पडतो. बऱ्याचदा तो अशक्त नसतो. गुडघे मागे ताणून कडक केलेले असतात, रक्त पायांत साचतं, आणि सकाळचा नाश्ता टाळलेला असतो. गुडघे किंचित सैल ठेवा, बुटाच्या आत बोटं दाबत-सोडत राहा, पोटऱ्या आवळा. बाहेरून काही दिसत नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तर शेजाऱ्याला सांगून खाली बसा. त्याबद्दल रगडा मिळाला तरी डोकं फुटण्यापेक्षा बरा.

टप्पा ७ : रेंज

कॅम्पमधला हा एकच दिवस असा, ज्याची चूक माफ होत नाही. म्हणून सावकाश वाचा.

फायरिंग बहुतेक .२२ रायफलने, २५ यार्डांच्या आसपासच्या टार्गेटवर, लेटके पोझिशनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, होतं. आधीच्या दिवसांत रिकाम्या रायफलवर सराव घेतात. तो कंटाळवाणा वाटतो आणि पोरं सावली शोधतात. रेंजवर ज्यांचा ग्रुप छान येतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ पडतात, ते या सरावात सगळ्यात जास्त वेळ मातीत लोळलेले असतात.

१. रेंजवर जायच्या आधी हातांना तेल-क्रीम नको, खिसे रिकामे, कानात घालायला कापूस.

२. डिटेलमध्ये (एका वेळी फायर करणारी तुकडी) आपला नंबर आणि टार्गेटचा नंबर पाठ करा. शेजाऱ्याच्या टार्गेटवर पाच गोळ्या मारून येणारे असतात. त्याचा ग्रुप दहा गोळ्यांचा होतो, तुमचा शून्य.

३. हुकमाशिवाय रायफलला हात नाही. हात लावल्यावर नळी फक्त टार्गेटच्या दिशेला, आणि बोट ट्रिगरच्या बाहेर. 'उस्ताद, ही अडकली' म्हणत रायफल घेऊन मागे वळणं हा रेंजवरचा सगळ्यात मोठा गुन्हा. अडकली तर तशीच टार्गेटकडे धरून डावा हात वर करा आणि पडून राहा. उस्ताद येतात.

४. झोपल्यावर डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. शिस्त, म्हणजे नेम, टार्गेटच्या उजवीकडे-डावीकडे गेली असेल तर हात ओढून आणू नका. पोट जमिनीवर टेकलेलंच ठेवून पाय सरकवा, म्हणजे अख्खं शरीर वळेल. हाताने ओढलेली रायफल दर गोळीनंतर जुन्या जागी परत जाते.

५. घट्ट पकड, बरोबर शिस्त, ट्रिगर. श्वास घ्या, अर्धा सोडा, रोखा. नजर फोरसाइटच्या (नळीच्या पुढच्या टोकाची माशी) टोकावर. टार्गेट किंचित धूसर दिसलं तर ते बरोबरच आहे. ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेराने हळू दाबत जा. गोळी कधी सुटली हे तुम्हालाच थोडं अचानक कळलं पाहिजे. श्वास रोखून दहा सेकंद झाले आणि रायफल थरथरायला लागली तर गोळी मारू नका. श्वास सोडा, पुन्हा सुरुवात करा. घाई कोणीच लावलेली नसते.

६. आता ती चूक, जी शंभरातले साठ करतात असं मला वाटतं (मोजलेलं नाही, पण टार्गेट पेपर बरेच पाहिलेत). ग्रुपिंगमध्ये पाचही गोळ्या एकाच बिंदूवर शिस्त घेऊन मारायच्या असतात. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या तेच मोजतात. मध्यभागी लागल्या की नाही हा प्रश्न त्या वेळी नसतो. पोरगा पहिली गोळी मारतो, ती डावीकडे खाली गेल्यासारखी दिसते, म्हणून दुसरी उजवीकडे वर रोखतो. तिसरी आणखी कुठे. पाच गोळ्या, पाच गावं. रायफलची साइट थोडी इकडेतिकडे असेल तर ती सगळ्याच गोळ्या एका बाजूला नेते, त्याने ग्रुप बिघडत नाही. ग्रुप बिघडतो तुमच्या दुरुस्तीने.

७. फायर संपल्यावर हुकूम मिळेपर्यंत पडून राहा. रायफल खाली, तपासणी, मग उठणं, त्याच क्रमाने.

सावध : रिकामं खोकं, म्हणजे उडालेल्या गोळीची पुंगळी, आठवण म्हणून खिशात टाकू नका. प्रत्येक जिवंत आणि रिकाम्या राऊंडचा हिशोब लागतो आणि शेवटी सगळ्यांची झडती होते. एक खोकं कमी पडलं तर पूर्ण कॅम्प रेंजवर गवत विंचरत बसतो. एकदा आम्ही साडेतीन तास विंचरलं. खोकं शेवटी एका बुटात सापडलं, आणि त्या बुटाच्या मालकाशी उरलेले चार दिवस कोणी बोललं नाही.

टप्पा ८ : नकाशा आणि अंतर

वर्गात झोप येते हे खरं, कारण जेवणानंतर असतो. मागे बसू नका.

नकाशावर आधी आडवं वाचायचं, मग उभं. घरात आधी ओसरी, मग जिना. चार अंकी ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचा आकडा) एक किलोमीटरचा चौकोन दाखवतो, सहा अंकी त्यातला शंभर मीटरचा. १:५०,००० च्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. बॅक बेअरिंग, म्हणजे उलट दिशेचा कोन : बेअरिंग १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर वजा करा. कंपास बेल्टच्या बक्कलपाशी किंवा रायफलशेजारी धरून वाचला की सुई खोटं बोलते. दरवेळी कोणीतरी पूर्ण सेक्शन भलत्याच बांधावर नेतो तो यामुळेच.

अंतराचा अंदाज घेताना एवढं लक्षात ठेवा : सूर्य तुमच्या पाठीशी असला, किंवा वस्तू तुमच्यापेक्षा उंचावर असली, की ती जवळ वाटते. सूर्य डोळ्यांवर असला, किंवा तुम्ही लोळून बघत असलात, की लांब वाटते.

टप्पा ९ : शरीराची राखण

रोज दुपारी बूट काढा, पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पावडर, नवे मोजे. बूट चावायला लागला, नुसती आग होतेय, त्याच वेळी त्या जागी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी उशिराची. फोड फोडू नका. आपोआप फुटला तर धुऊन, झाकून, एमआय रूममध्ये दाखवा.

पाणी तहान लागल्यावर ढसाढसा पिऊ नका, दर ब्रेकला चार-पाच घोट घ्या. उन्हाळ्याच्या कॅम्पला रोज एक ओआरएस. भर उन्हात अंगावर शहारे आले, घाम थांबला, डोकं गरगरलं, तर ती शूरपणा दाखवायची वेळ नाही. ताबडतोब सावली, आणि उस्तादांना सांगा.

सिक रिपोर्ट सकाळी होतो. त्याच वेळी नाव द्या. दिवसभर सहन करून रात्री अकराला सगळ्यांना उठवू नका. उलट, परेड चुकवायला रोज सिक रिपोर्टला जाणाऱ्याचा खरा ताप कोणी खरा मानत नाही.

मुलींसाठी : पाळीची तारीख कॅम्पमध्ये येत नसली तरी पॅड न्या. दगदगीने तारीख पुढे-मागे होते. त्रास जास्त असेल तर जीसीआय (मुलींच्या प्रशिक्षिका) किंवा मॅडम एएनओंना सरळ सांगा. त्यांना रोज दहा जणी सांगतात.

टप्पा १० : संत्री ड्युटी, फटिक आणि स्पर्धा

रात्रीची संत्री ड्युटी, म्हणजे पहारा, दोन-दोन तासांची असते. झोपायच्या आधी यादीत तुमच्यानंतर कोण आहे ते बघा आणि तो नेमका कुठे झोपतो ते जाऊन बघा. रात्री दोन वाजता चाळीस चादरींवर टॉर्च मारत फिरणारा संत्री चाळीस जणांच्या शिव्या खातो, आणि पुढचा सापडला नाही तर त्याची ड्युटीही करतो.

फटिकला, म्हणजे साफसफाईला, नाक मुरडू नका. लंगरच्या फटिकला गेलेल्यांना चहा जास्त मिळतो, एवढं सांगून ठेवतो.

गार्ड ऑफ ऑनर, फायरिंग टीम, रस्सीखेच, सांस्कृतिक कार्यक्रम यांची निवड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच होते. नाव लगेच द्या, पण एकाच ठिकाणी. चार ठिकाणी नाव दिलेल्याला चारही सराव एकाच वेळी लागतात आणि चारही उस्ताद शोधत येतात. पुढे थलसेना कॅम्प किंवा प्रजासत्ताक दिनाच्या कॅम्पचं मनात असेल तर इथला ड्रिल, फायरिंग आणि टर्नआउट (वर्दीचा नीटनेटकेपणा) बघणारे लोकच पुढे नाव सुचवतात.

टप्पा ११ : शेवटचे दोन दिवस

नवव्या रात्री सगळे ढिले पडतात. चोऱ्या आणि हरवाहरवी याच रात्री होते. पेटीचं कुलूप लावलेलंच ठेवा.

१. घेतलेलं सगळं सरकारी सामान मोजून परत करा आणि यादीवर आपल्यासमोर खूण करून घ्या. 'दिलं होतं की उस्ताद' याला पुरावा लागतो.

२. जमा केलेला मोबाइल, ओळखपत्र परत घ्या.

३. कॅम्पचं प्रमाणपत्र हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा : नाव, नंबर, तारखा. चूक असेल तर त्याच दिवशी सांगा; क्लार्क समोर असतो, शिक्का समोर असतो. आठवड्याने बटालियनच्या चकरा सुरू होतात. प्रमाणपत्राची लॅमिनेशन करू नका, मागच्या बाजूला पुढे नोंद लागू शकते. दोन झेरॉक्स काढा, एक एएनओंकडे द्या.

४. ओला टॉवेल आणि घामट मोजे वेगळ्या पिशवीत. घरी पोहोचल्यावर पेटी त्याच दिवशी उघडा. दोन दिवसांनी उघडली तर वास आईला आधी येतो.

बूट मात्र धुऊ नका. ब्रशने झाडा, एक पातळ थर पॉलिश, आत कागदाचे बोळे. दोन वर्षांनी 'सी'च्या कॅम्पला तेच घालायचेत, आणि आता ते तुमच्या पायाचे झालेत.